डबा खरा, आतलं ऑइल खोटं

गाडीचं इंजिन ऑइल मी घरीच बदलते. बाबांनी शिकवलं त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात ना कधी ड्रेन बोल्टचा आटा गेला, ना फिल्टरमधून थेंब गळला. हे आधी सांगते, कारण झाला प्रकार ऐकला की लोक पहिल्यांदा हेच म्हणतात, ‘घरी कशाला करायचं?’ मी काम नीट केलं होतं. मला विकलेलं ऑइलच खोटं होतं.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी. नेहमी ज्यांच्याकडून ऑइल घेते त्यांच्याकडे लग्न होतं, दुकान आठवडाभर बंद. रविवार हातचा जाऊ नये म्हणून दुसऱ्या दुकानात गेले. साडेतीन लिटरच्या डब्यावर किंमत १,९८० छापलेली, दुकानदाराने १,५०० सांगितले. मी कारण विचारलं तर म्हणाला, “स्कीम का माल है दीदी, एकदम ओरिजिनल.” मग सहज विचारल्यासारखं, “गाडी दिखाते कहाँ हो?” मी म्हटलं, घरीच करते. आज तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो. ज्याची गाडी कुठल्याच मिस्त्रीच्या हाताखालून जाणार नाही, त्याला काय विकलं हे कोण बघणार आहे?

बिल मागितलं तर म्हणाला, “पक्का बिल लोगी तो अठारा परसेंट ऊपर से लगेगा.” हे साफ खोटं होतं. डब्यावर छापलेल्या किमतीत सगळे कर आलेलेच असतात. त्याच्यावर जीएसटी वेगळा लागत नाही. मला हे माहीत होतं, तरी साडेचारशे-पाचशे रुपये वाचतायत म्हणून मी गप्प बसले आणि एका चिठोऱ्यावर १,५०० लिहिलेले घेऊन आले.

घरी आल्यावर नेहमीप्रमाणे इंजिन थोडं गरम केलं, जॅक लावून खाली स्टँड ठेवले, जुनं ऑइल घमेल्यात काढलं, नवा फिल्टर, नवा वॉशर, आणि नरसाळ्याने नवं ऑइल ओतलं. पट्टीवर पातळी बरोबर आली. डब्यात अर्ध्या लिटरच्या आत-बाहेर उरलं, ते ठेवून दिलं. उरलं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

पंधरा-वीस दिवसांनी सकाळी गाडी सुरू करताना टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हजवळून येणारा, कटकट आवाज येऊ लागला. थंडीचे दिवस, वाटलं होत असेल. संक्रांत झाल्यावर आई-बाबांना घेऊन ओंकारेश्वरला गेले. जाताना काही नाही. परतताना बडवाह सोडलं, भेरूघाट लागला, चढावर ट्रकांची रांग उभी. अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेलो आणि एका वळणावर थांबलेले असताना समोर लाल दिवा लुकलुकला, तोच, तेलाच्या झारीचं चित्र असलेला. मी बाबांना सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, “आधी इंजिन बंद कर, मग बोल.”

हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. तो दिवा म्हणजे ‘सर्व्हिस जवळ आली’ असं नाही. इंजिनात ऑइलचा दाब पडलाय, बेअरिंग कोरडी घासतायत, असा त्याचा अर्थ. बाबा नसते तर मी ‘घाट चढून बघू’ म्हणाले असते. दहा मिनिटांनी पट्टी काढून पाहिली. पातळी पूर्ण. ऑइल होतं, पण पाण्यासारखं पट्टीवरून ओघळत होतं आणि जळका वास येत होता. गाडी ओढून इंदूरला आणायला ३,५०० रुपये गेले. आई मागच्या सीटवर तोवर एक शब्द बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

आमच्या गल्लीच्या टोकाचे मिस्त्री माझ्या लहानपणापासूनचे. त्यांनी गेज लावून दाब मोजला, कमी. ते ऑइल काढून, नवा फिल्टर आणि खात्रीचं ऑइल घालून पुन्हा मोजला, दाब जागेवर. म्हणजे पंपाचा दोष नव्हता, दिवाही खोटं बोलत नव्हता. चिमटीत ऑइल चोळत ते म्हणाले, “बेटा, ये जला हुआ तेल है, छानके रंग डाला है.” गॅरेजांतून निघालेलं काळं ऑइल ड्रमने विकत घ्यायचं, गाळायचं, मातीतून काढून रंग उतरवायचा आणि नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यात भरायचं, असा हा धंदा. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. ते कुठे जातं हे माझ्या इंजिनाने दाखवलं.

ऑइल काळं झालं म्हणून ते खोटं, असं मात्र समजू नका. चांगलं ऑइल आतली काजळी स्वतःत घेतं म्हणूनच काळं पडतं, डिझेल गाडीत तर फारच लवकर. रंगावरून मलाही काही कळलं नव्हतं. नवं ओतताना ते छान सोनेरी दिसत होतं. मी दुसरी गोष्ट करून बघितली. डब्यात उरलेलं ऑइल एका बाटलीत, मिस्त्रींनी घातलेल्यातलं थोडं दुसऱ्या बाटलीत, दोन्ही रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी आडव्या केल्या. खरं ऑइल दाटसर झालं होतं, तरी वाहिलं. खोटं व्हॅसलीनसारखं जागच्या जागी बसलं. डब्यावरच्या ५-डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. ५ सांगतो की थंडीत ऑइल गोठून बसणार नाही, ३० सांगतो की इंजिन तापल्यावर ते फार पातळ होणार नाही. या ऑइलने थंडीतही दगा दिला आणि घाटातही.

मग तो रिकामा डबा उजेडात नेऊन पाहिला, आणि तेव्हा दिसलं ते सगळं विकत घेताना दिसायला हवं होतं. झाकणाखाली डब्याच्या तोंडाला चिकटवलेली चंदेरी चकती असते, ती नव्हतीच. झाकण फिरवताना मला काही फाडावं लागलं नव्हतं. झाकणाखालची कडी डिंकाने चिकटवलेली. खरवडून नंबर बघायची पट्टी आधीच खरवडलेली आणि वर नवं स्टिकर. डब्याच्या तळाला प्लास्टिक ओतल्याचं साल-महिना दाखवणारं घड्याळासारखं गोल असतं, त्यात बाण २०१९ वर, आणि लेबलवर भरल्याची तारीख त्यानंतर चार वर्षांनी. एवढं एकच असतं तर मी त्याला पुरावा म्हटलं नसतं. कंपनीला फोटो पाठवले, त्यांचं उत्तर आलं की त्या बॅच नंबरचा माल एक लिटरच्या डब्यात भरला होता, साडेतीनच्या नाही.

दुकानात गेले. तो म्हणाला, “बिल दिखाओ.” चिठोरं दाखवलं तर हसला, यावर आमचं नाव कुठे आहे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार करायला बसले तेव्हा पहिली अडचण तीच. बिल नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा लागत नाही, पण मी ते ऑइल त्याच्याकडूनच घेतलं हे दाखवायला माझ्याकडे काय आहे? पाचशे रुपये वाचवून मी तेच गमावलं होतं. रोख न देता फोनवरून पैसे दिले असते तरी काहीतरी नोंद राहिली असती. कंपनीच्या माणसांकडे दुकानाचा पत्ता आणि फोटो दिले आहेत.

टॅपेटचा आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. मिस्त्री म्हणतात आणखी हजार किलोमीटर चालव, मग उघडून बघू.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नेहमी येणारा अटाळेवाला, म्हणजे भंगारवाला, आला. मी वर्षानुवर्षं त्याला ऑइलचे डबे पुसून, झाकण घट्ट लावून देत आले. बाबांची स्वच्छतेची शिस्त. या वेळी झाकणाशिवाय डबा पुढे केला तर तो म्हणाला, “ढक्कन भी दे दो दीदी, ढक्कन वाले के पाँच रुपये ज्यादा मिलते हैं.” त्याला बिचाऱ्याला पुढचं ठाऊक असेल असं मला वाटत नाही. मी डबा आत नेला, करवतीने मधोमध कापला, लेबल फाडलं आणि मग त्याच्या तागडीत टाकला. त्याने प्लास्टिकचा किलोचा भाव लावला, तेवढा घेतला.