व्हीएमसी कॅलिब्रेशन, जळगाव एमआयडीसी: रिपोर्ट असावा तर असा

आमचं काम ठिबकच्या फिटिंगचे मोल्ड बनवायचं. मोल्डचे दोन भाग नीट जुळले नाहीत की मालाला फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक) येतो आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं. म्हणून थ्री-ॲक्सिस व्हीएमसीचं (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, एक्स, वाय, झेड या तीन दिशांना सरकून धातू कापणारं मशीन) लेझर कॅलिब्रेशन, म्हणजे लेझरने अचूकतेची मोजणी, करून घेतलं. मोजणी करणारी मंडळी बाहेरगावची, पण आमच्या एमआयडीसीत त्यांची नेहमी फेरी असते.

आधीच्या पार्टीचा रिपोर्ट 'वाय ॲक्सिस एरर इतके मायक्रॉन' एवढ्यावर संपायचा. कसली एरर, कुठल्या दिशेला, ते मेंटेनन्सवाल्याने हुडकत बसायचं. यांनी आयएसओ २३०-१ (मशीनची अचूकता तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे प्रत्येक एररला नाव दिलंय. ई म्हणजे एरर, मधलं अक्षर तिची दिशा, शेवटचं अक्षर सरकणारा ॲक्सिस. ईएक्सवाय म्हणजे वाय सरकताना एक्सच्या दिशेला पडलेला फरक. मधे ए, बी, सी आलं तर ती अनुक्रमे एक्स, वाय, झेडभोवतीची फिरकी. एका ॲक्सिसच्या ६, तिघांच्या १८, वर ॲक्सिस एकमेकांना काटकोनात आहेत का याच्या ३. अशा २१ एरर, सगळ्या वेगवेगळ्या मोजलेल्या.

आमचं दुखणं निघालं ईएवायमध्ये, म्हणजे वाय सरकताना एक्सभोवतीच्या फिरकीत: ५० मायक्रोरेडियन (कोनाचं फार बारीक माप). ऐकायला किरकोळ, पण लेझरच्या रेषेपासून ३०० मिलिमीटर वर तेच १५ मायक्रॉन होतात. उथळ प्लेट ओके आणि उंच कोअर (मोल्डचा आतला उभा भाग) सरकलेला, हे कोडं तिथे सुटलं. मोजणीची रेषा टेबलापासून किती उंच होती तेही रिपोर्टात आहे. ती उंची नसेल तर हा हिशोबच मांडता येत नाही. अधिक-उणे चिन्हंही ठरलेल्या नियमाने दिली आहेत. कंट्रोलरच्या कॉम्पेन्सेशनमध्ये (मोजलेली एरर वजा करायची सेटिंग) चिन्ह उलटं पडलं तर एरर जायच्या ऐवजी दुप्पट होते, म्हणून मला याचं फार मोल वाटतं.

मे महिन्याच्या भर दुपारी रीडिंग घ्यायला इंजिनिअरने साफ नकार दिला. प्रमाण तापमान २० अंश, आणि मीटरभर स्टील दर अंशाला ११-१२ मायक्रॉन वाढतं. पहाटे येऊन, टेबलाला सेन्सर लावून, मशीन गरम करून मगच त्यांनी लेझर सुरू केला. असा माणूस मिळाला की पैसे द्यायला जड जात नाही.

कमी एकच: फोर्थ ॲक्सिस (जॉब गोल फिरवणारा रोटरी ॲक्सिस) पॅकेजमध्ये नाही. रोटरीसाठी आयएसओ २३०-७ आहे, त्यातही नावं याच पद्धतीची. ती मोजणी याच रिपोर्टात जोडून द्या. भुसावळ-धुळ्याच्या टूलरूमवाल्यांनी बोलावण्याआधी जुना नमुना रिपोर्ट मागून घ्या, नावं आणि चिन्हं तपासा, मगच तारीख ठरवा.