टॅलीत एक्सएमएलनं बिलं चढवतोय: आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बिलं एका सॉफ्टवेअरमधून निघतात, हिशेब टॅली या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मधला पूल म्हणजे आमचे दिवाणजी. दिवसभराची चाळीस-पन्नास बिलं संध्याकाळी बघून बघून पुन्हा टॅलीत टाकायची. त्यांना कंटाळा यायचा आधी मलाच आला, आणि सीएंच्या ऑफिसातल्या पोराकडून बिलांची एक्सएमएल करून घेतली.

एक्सएमएल म्हणजे साधी मजकुराची फाईल, नोटपॅडमध्ये उघडते. फक्त प्रत्येक माहितीला नावाचं वेष्टन, म्हणजे टॅग, असतं: <रक्कम>४५००</रक्कम>. दिवाणजींनी चष्मा वर करून पाहिलं. "मालक, रक्कम एकदा आणि नाव दोनदा कशाला ओ?" प्रश्न बरोबर आहे, फाईल फुगते ती त्यामुळंच. पण एक्सेलमधून माल चढवताना एक रकाना सरकला की एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा नंबर) रकमेत जाऊन बसायचा. इथं आकड्याचं नाव आकड्याबरोबरच फिरतं.

टॅगची नावं आपली आपण ठरवायची. मराठीतही चालतात, वर दिलीत तशी. मात्र टॅलीला टॅलीचीच नावं कळतात. आमचं बिलाचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला एक नाव देतं, टॅली दुसरं. दोघांनाही एक्सएमएल येतं म्हणजे दोघांचं आपसूक जुळतं, असा माझा समज होता. तसं नसतं. एकाची नावं दुसऱ्याच्या नावांत बदलणारा छोटा प्रोग्रॅम त्या पोराला लिहावा लागला. खरं काम तेच, बाकी बटण दाबणं.

दुसरी गोष्ट, हे प्रकरण लै कडक आहे. वेबपेजमध्ये एखादा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो. एक्सएमएल १९९८ साली ठरवलं तेव्हाच नियम केला, की चूक दिसली की वाचणाऱ्यानं थांबायचं, अंदाज बांधायचा नाही. आम्हाला ते जीएसटीचं विक्रीचं रिटर्न भरायच्या ११ तारखेच्या आदल्या रात्री कळलं. एका गिऱ्हाइकाच्या नावात 'आणि'साठी & हे चिन्ह होतं. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. ते तसंच लिहायचं नसतं, त्याच्यापुढं ए-एम-पी ही अक्षरं आणि अर्धविराम जोडायचा असतो. एका पार्टीपायी महिन्याची अख्खी फाईल अडली. तेव्हा शिव्या घातल्या. पण अर्धी बिलं चढून अर्धी राहिली असती, तर ती शोधत पहाट झाली असती.

खरा फटका बसला तो बिनचूक फाईलनं. जुन्या बाक्या चढवताना एकही एरर नाही, सगळं हिरवंगार. सकाळी दिवाणजी म्हणाले, "मालक, आपण सगळ्या गावाचं देणं लागतोय की!" टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे (डेबिट) रक्कम उणे चिन्हानं जाते, आमच्या प्रोग्रॅममध्ये ते उलटं पडलं होतं. ज्यांच्याकडून येणं, तेच घेणेकरी झाले. टॅग उघडला-मिटला का, एवढंच व्याकरण एक्सएमएल बघतं. पैसा कुणाचा कुणाकडं, हे तिथं कोण बघणार?

तेव्हापासून फाईल चढवायच्या आधी बॅकअप. चढवल्यावर एकूण बिलं आणि एकूण रक्कम दिवाणजी वहीत टिपतात. एकदा तीच फाईल दोनदा चढली आणि विक्री दुप्पट दिसली, ते या वहीतच सापडलं.

माल पाठवतानाची ई-वे बिलं फाईलनं एकदम चढवायची तर मात्र जेसन नावाच्या दुसऱ्या प्रकारची फाईल लागते. तिच्यात नाव एकदाच येतं म्हणून ती दिवाणजींना पसंत पडली. एक्सएमएल काढून टाकू का, असं विचारलं तर म्हणाले, "नको ओ, आता सवय झालीया." संध्याकाळचं दीड तासाचं काम दहा मिनिटांवर आलंय. दिवाणजी सातला रंकाळा तलावावर असतात.