नातवाची शाळा: पाचपैकी चार तारे, आणि एक का कापला ते

शाळेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की नातू ओळखू येईल, आणि तो अजून सहा वर्षांचा आहे, त्याला विचारणार कसं? भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यातली, ट्रस्टची, जुन्या इमारतीतली सेमी-इंग्रजी शाळा, एवढं पुरे. फाटकावरच्या पाटीवर निळ्या अक्षरांत ‘सर्वसमावेशक शिक्षण’ असं लिहिलंय. हल्ली ते बऱ्याच शाळांच्या पाटीवर असतं, त्यामुळे पाटीचे गुण मी देत नाही.

नातू, घरचं नाव बंटू, ऑटिस्टिक आहे. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. सोसायटीत जो तो सांगायचा, ‘मुलगे उशिराच बोलतात हो, याचा काकापण तसाच होता.’ सूनबाईने कोणाचं ऐकलं नाही, हे बरं झालं. आधी बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कान तपासले, बाळाला झोपवून करतात ती बेरा. कान ठणठणीत. मग डॉक्टर, मग ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं करायला शिकवतात ती), मग स्पीच थेरपी. त्या फेऱ्यांत एका थेरपिस्टबाईंनी बजावलं की घरात मराठी बंद, सगळ्यांनी इंग्रजीच बोलायचं. माझी अख्खी नोकरी मंत्रालयात गेली, माझं इंग्रजी टिपण्या आणि पत्रांचं. ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ असं म्हणत मी नातवाला वरणभात भरवू?

या शाळेतल्या विशेष शिक्षिकेला पहिल्याच भेटीत मी हे विचारलं. ती हसली. म्हणाली, ‘आजी, ज्या भाषेत तुम्ही त्याच्यावर रागावता आणि लाड करता, तीच ठेवा. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही.’ माझं मत तिथेच अर्धं बनलं होतं.

आता वर्गाचं. पहिले काही आठवडे मला पॅसेजमध्ये बाकावर बसू दिलं, तेवढ्यात जे पाहिलं ते सांगते. बंटूच्या बाकाशेजारी भिंतीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, वेल्क्रोची उभी पट्टी लावलेली आहे. तिच्यावर फोटो. कार्टून नाहीत, याच शाळेचे फोटो: चपलांचं कपाट, प्रार्थनेचा हॉल, त्याची स्वतःची सतरंजी, डब्याचं टेबल, हात धुवायची मोरी, आणि सगळ्यात खाली फाटक, जिथे मी उभी असते. एक काम झालं की तो तो फोटो चर्रकन उपटतो आणि खालच्या डब्यात टाकतो. उपटायला त्याला इतकं आवडतं की सुरुवातीला काम न करताच सगळे उपटायचा. विशेष शिक्षिका बाई ओरडल्या नाहीत. शांतपणे परत लावले, आणि एकावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘आधी हे. मग ते.’ आता घरी आंघोळीला चल म्हटलं की तोच मला विचारतो, ‘आधी? मग?’ जो मुलगा ‘पाणी’सुद्धा बोट दाखवून मागायचा, त्याच्या तोंडून.

ही पट्टी पाहायला साधी दिसते, पण तिच्यामागे विचार आहे. पुढे काय होणार हे कळलं नाही की अशा मुलांचा जीव घाबरा होतो, आणि तोंडी सांगितलेलं हवेत विरून जातं. फोटो जागेवर राहतो. एखाद दिवशी पीटीचा तास रद्द झाला तर बाई सकाळीच त्या फोटोवर लाल काट लावून त्याला दाखवतात. आयत्या वेळी ‘आज नाही हं बेटा’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते आम्ही घरी भोगलेलं आहे.

आवाजाचंही तसंच. घंटेच्या जरा आधी मावशी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, तो कानावर जाड हेडफोन चढवतो, मग घंटा. गणपतीत शाळेत आरती असते, झांजा आणि ताशासकट. मला वाटलं त्या दिवशी सुट्टीच घ्यावी. बाई म्हणाल्या, पाठवा. त्याला हॉलच्या दाराशी, बाहेरच्या बाजूला उभा केला, कानावर हेडफोन, हातात खिरापतीचं ताट. आरती संपली की रांगेतल्या प्रत्येकाला त्याने चिमूटभर द्यायची. दिली. निम्मी स्वतः खाल्ली, ते सोडा.

लिहिण्यात तो कच्चा आहे, पेन्सिल धरताना बोटं दुखतात त्याची. बाकीची मुलं वहीत ‘क’ काढत असताना हा स्टीलच्या थाळीत पसरलेल्या रव्यात बोटाने ‘क’ काढतो. तास तोच, अक्षर तेच, फक्त वही वेगळी. मला हे फार पटलं, कारण याआधी ज्या शाळा पाहिल्या तिथे ‘स्पेशल’ मुलांना एका वेगळ्या खोलीत नेऊन रंगीत मणी ओवायला बसवत. सबंध दिवस मणी. इथेही वेगळी खोली आहे, गाद्या टाकलेली, मंद दिव्याची. पण ती दमलेल्या कुठल्याही मुलासाठी. पहिलीतला एक धडधाकट दांडगोबा तिथे रोज जाऊन पडतो असं मावशींनी सांगितलं.

मावशींविषयी स्वतंत्र लिहायला हवं. कागदोपत्री त्या शिपाई. पण शू-शीला कोणाला किती वेळाने न्यायचं, कोणाला फ्लशच्या आवाजाची भीती वाटते, कोणाचे मोजे ओले झाले की तो रडून आकांत करतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पावसाळ्यात बंटूच्या दप्तरात जादा मोजे ठेवा, हे त्यांनीच मला सांगितलं. ऑटिझमवर चार चार लेक्चरं ऐकून आलेल्या आमच्या घरात हे कोणाला सुचलं नव्हतं.

कागदाची गोष्ट मी मुद्दाम तपासली, सवयच आहे. त्यांच्याकडे प्रत्येक अशा मुलाची वैयक्तिक शैक्षणिक योजना असते, सगळे आयईपी म्हणतात. बंटूच्या योजनेत ‘सामाजिक कौशल्ये सुधारणे’ असली गुळमुळीत भाषा नाही. ‘डब्याचं झाकण स्वतः उघडेल’, ‘मदत हवी असेल तेव्हा मदतीचं कार्ड उचलून देईल’ असं लिहिलंय, पुढे कोण शिकवणार आणि कधी तपासणार तेही. दर सत्राला बसून आमच्यासमोर बदलतात. झाकण झालं. कार्ड अजून कधी देतो, कधी फेकतो.

एवढं कौतुक केल्यावर तारा का कापला?

पहिलं कारण शॅडो. प्रवेश देताना शाळेने अट घातली की पहिलं वर्ष वर्गात त्याच्यासोबत शॅडो टीचर, म्हणजे फक्त त्याच्या शेजारी बसून मदत करणारी बाई, हवी, आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा. तो जवळपास शाळेच्या फीएवढा झाला. मुंबईत बहुतेक ठिकाणी हेच चालतं, म्हणून कोणी बोलत नाही. मी बोलले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ काढून मुख्याध्यापकांसमोर ठेवलं. मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी आणि वैयक्तिक साहाय्य द्यावं, हे त्यात स्वच्छ आहे. सर सज्जन आहेत. म्हणाले, ‘आजी, कायदा बरोबर आहे, पैसे कोण देणार ते कायद्यात नाही.’ शेवटी दुसऱ्या वर्षी शॅडो टप्प्याटप्प्याने कमी केली, आणि ते कमी करणं मात्र त्यांनी सुरेख केलं: आधी ती शेजारून मागच्या बाकावर गेली, मग दाराबाहेर, मग फक्त डब्याच्या सुट्टीत. तरी पहिल्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. ज्या घरात एकच पगार आहे ते काय करतील?

दुसरं कारण जास्त मोठं. सगळी भिस्त एका बाईवर. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. इथे ती एकटी त्याहून बऱ्याच जास्त मुलांना बघते, तीन वर्गांत धावत. मध्यंतरी ती आजारपणाच्या रजेवर गेली आणि पट्टीवरचे फोटो कोणी बदललेच नाहीत. रोज तोच शुक्रवार. बंटूने तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेच्या हाताला चावा घेतला. वर्गशिक्षिका वाईट नाही, पण तिला कोणी शिकवलंच नव्हतं की पट्टी हा भिंतीचा शृंगार नाही. नंतर मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांची दोन शनिवारी कार्यशाळा घेतली हे खरं. आधीच घ्यायला हवी होती हेही खरं.

बाकीच्या तक्रारी झटपट. फाटकाशी उतार केलाय, पण मुलींच्या शौचालयापुढे एक पायरी तशीच आहे. वॉकर घेऊन चालणारी एक मुलगी दुसरीत गेली तेव्हा अख्खा वर्ग तळमजल्यावर आणला, त्याबद्दल शाबास. वाचनालय मात्र अजून वर. स्कूल बसमध्ये अटेंडंट नाही म्हणून बंटूला घेत नाहीत, त्यामुळे मी आणि रिक्षावाला. वाहतुकीची सोयही त्याच कलम १६ मध्ये आहे, पण तो कागद मी पुढच्या मीटिंगला राखून ठेवलाय.

जाणार असाल तर थोडी तयारी करून जा. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असू द्या. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा घ्या, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत बसतो. आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलंही वंचित घटकात धरतात, तेव्हा विनाअनुदानित शाळा बघत असाल तर तेही विचारा.

कुठल्याही शाळेत विशेष शिक्षिकेचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद, जिथे विशेष शिक्षकांची नोंद होते) नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. खऱ्या शिक्षिकेला राग येत नाही, आमच्या बाईंनी तर पाकिटातून कार्डच काढून दाखवलं. सकाळी सगळं नीटनेटकं असतं, म्हणून भेट डब्याच्या सुट्टीत मागा. तुमच्या मुलासारखं मूल तेव्हा कोणाशेजारी बसलंय ते दिसतं. आणि निघताना विचारा, ‘तुमच्या विशेष बाई रजेवर गेल्या तर या मुलांचं कोण बघतं?’ इथे यंदा पहिल्यांदा उत्तर मिळालं: एका मदतनीस शिक्षिकेची जागा मंजूर झालीय, जूनपासून. ती खरंच भरली तर पाचवा तारा देईन.