अठरा वर्षांचा पोरगा द्यावा की ठेवावा? एनएचएलमधले दोन सौदे शेजारी ठेवून

मार्चमधली ट्रेड डेडलाइन, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची तारीख, जवळ आली की एनएचएल या कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या चाहत्यांत दरवर्षी तोच वाद पेटतो. आपल्याकडचा गुणी, कोवळा पोरगा देऊन दुसऱ्या संघातला कसलेला खेळाडू आणायचा का? एका बाजूला ‘कप (लीगच्या विजेत्याचा स्टॅनली कप) हवा तर आत्ताच’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘पोराला हात लावायचा नाही’ म्हणणारे. टोरांटो, कॅल्गरी, डॅलसकडच्या ज्या मराठी घरांतली मुलं रिंकवर वाढली, तिथे तर जेवणाच्या टेबलावरही दोन पक्ष पडतात.

तुम्ही यात कुठल्या बाजूला उभं राहायचं हे ठरवत असाल, तर माझं मत आधीच सांगतो. जाणारा पोरगा किती मोठा होईल हे कुणालाच नेमकं कळत नाही. येणाऱ्या माणसाबद्दल मात्र बरंच कळू शकतं: त्याची किती चांगली वर्षं उरली आहेत, तो कुठल्या जागी खेळतो आणि आपल्या संघात ती जागा खरोखर रिकामी आहे का. वाद बहुतेक वेळा पोरावर होतो. तो येणाऱ्या माणसावर व्हायला हवा.

यासाठी दोन सौदे शेजारी ठेवण्यासारखे आहेत, कारण त्यांत दिलेला माल जवळजवळ सारखा होता. जॅरोम इगिन्ला आणि फिलिप फोर्सबर्ग, दोघेही सौद्याच्या वेळी १८ वर्षांचे. दोघेही ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्या निवडीत, ११व्या क्रमांकावर निवडलेले. दोघांनीही तोवर एनएचएलचा एकही सामना खेळलेला नव्हता. इगिन्लाला डॅलस स्टार्सने डिसेंबर १९९५ मध्ये कॅल्गरीला दिलं, फोर्सबर्गला वॉशिंग्टन कॅपिटल्सने एप्रिल २०१३ मध्ये नॅशव्हिलला. पुढे दोघेही आपापल्या नव्या संघाचा चेहरा झाले. म्हणजे पोराच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही सौदे सारखेच महाग पडले. तरीही डॅलसमध्ये त्या सौद्याबद्दल कुणी हळहळत नाही, आणि वॉशिंग्टनचा सौदा आजही वाईट सौद्यांच्या यादीत पहिल्या काहींत असतो.

फरक समोरून काय आलं त्यात आहे.

डॅलसला मिळाला जो न्यूएन्डाइक. वय २९, कॅल्गरी फ्लेम्सचा कर्णधार, पदार्पणाच्या मोसमातच ५१ गोल केलेला आणि १९८९ चा स्टॅनली कप जिंकलेला सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीत मधल्या जागी खेळणारा. कराराच्या भांडणामुळे त्या मोसमात तो खेळायलाच उतरला नव्हता, म्हणून कॅल्गरीला त्याला विकणं भाग होतं. डॅलसने इगिन्लाबरोबर कोरी मिलन हा आणखी एक खेळाडू दिला आणि न्यूएन्डाइकशी कित्येक वर्षांचा करार केला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या मोसमात डॅलस प्लेऑफलाही पोचलं नाही. ‘आता एकच माणूस कमी आहे’ अशा घाईत केलेला हा सौदा नव्हता. जनरल मॅनेजर बॉब गेनी यांच्याकडे माइक मोडानो हा पहिल्या फळीचा सेंटर होता. त्याच्या मागे तितक्याच ताकदीचा दुसरा सेंटर हवा होता, आणि २९ वर्षांच्या माणसाकडून तो बराच काळ मिळणार होता.

पुढे संघ त्याच्याभोवती भरत गेला. १९९६ मध्ये सर्गेई झुबोव आला, १९९७ मध्ये गोलरक्षक एड बेलफोर, १९९८ मध्ये ब्रेट हल. १९९८ च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच सामन्यात न्यूएन्डाइकच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्या वर्षीचं स्वप्न तिथेच विस्कटलं. तीन महिन्यांसाठी आणलेला खेळाडू असता तर हिशेब तिथेच बुडीत निघाला असता. पण तो १९९९ मध्ये परतला, प्लेऑफमध्ये ११ गोल केले, त्यांतले ६ सामना जिंकून देणारे. डॅलसने कप उचलला आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्याला मिळाला. २००० मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत होता.

आता वॉशिंग्टन. त्यांना मिळाला मार्टिन एराट, आणि सोबत मायकेल लाटा हा तरुण खेळाडू. एराट ३१ वर्षांचा विंगर (आघाडीच्या फळीत कडेला खेळणारा), नॅशव्हिलकडून वर्षानुवर्षं इमानदारीने खेळलेला, पण कधीही पहिल्या दर्जाचा तारा नव्हता. लॉकआउटमुळे (मालकांच्या टाळेबंदीमुळे) तो मोसम फक्त ४८ सामन्यांचा होता. वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ओव्हेचकिन आणि निकलास बॅकस्ट्रॉम होते. त्यांना विंगरची मदत हवी होती हे खरं, पण संघाचं नशीब त्या एका जागेवर अडलेलं नव्हतं. एराट मोसमातल्या उरलेल्या सामन्यांपैकी ९ खेळला, प्लेऑफचे ४ खेळला आणि संघ न्यूयॉर्क रेंजर्सकडून पहिल्याच फेरीत सात सामन्यांत हरला. पुढच्या मोसमात त्याला खालच्या फळीत ढकललं गेलं, त्याने स्वतःच दुसरीकडे पाठवण्याची मागणी केली, आणि मार्च २०१४ मध्ये तो गेला. वॉशिंग्टनसाठी नियमित मोसमातले एकूण ६२ सामने, २ गोल.

फोर्सबर्गने २०१४-१५ या पहिल्याच पूर्ण मोसमात नॅशव्हिलसाठी २६ गोल केले. २०१७ मध्ये संघ अंतिम फेरीत गेला आणि २०२३-२४ मध्ये त्याने ४८ गोल करून नॅशव्हिलचा विक्रम केला.

‘पोराला ठेवा’ म्हणणाऱ्यांना इथे आनंद होईल, पण त्यांनी कॅल्गरीची बाजूही पाहावी. इगिन्ला मिळाल्यावर तिथल्या चाहत्यांच्या पदरात काय पडलं? १९९७ ते २००३ अशी सलग सात वर्षं प्लेऑफविना. इगिन्लाने ५० गोलांचा टप्पा पहिल्यांदा गाठला तो २००१-०२ च्या मोसमात. २००४ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं आणि टॅम्पा बेविरुद्ध सातव्या सामन्यात हार झाली. कॅल्गरीसाठी ५२५ गोल, १२ नंबरची जर्सी कायमची निवृत्त, हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान, सगळं मिळालं. कप मात्र त्याच्या हाती कधीच आला नाही. पोरगा ठेवणं म्हणजे वाट पाहणं, आणि ती वाट किती लांब असू शकते हे कॅल्गरीकरांना विचारावं. तरुणावर प्रेम करणाऱ्या चाहत्याने ही किंमत डोळे उघडे ठेवून मान्य करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

कॅल्गरीनेच याच्या उलट सौदाही केला होता. मार्च १९८८ मध्ये त्यांनी २३ वर्षांचा ब्रेट हल सेंट लुइसला दिला आणि बचावपटू रॉब रॅमेज व गोलरक्षक रिक वॉम्सली घेतले. हलने १९९०-९१ मध्ये एकाच मोसमात ८६ गोल केले, कारकिर्दीत ७४१. पण कॅल्गरीने १९८९ मध्ये कप जिंकला. त्या शहराचा तो आजवरचा एकमेव कप आहे. मला विचाराल तर मी त्यांना दोष देणार नाही.

जागेचा मुद्दा इथे पुन्हा येतो. ६० मिनिटांच्या सामन्यात चांगला विंगर साधारण १६ ते १८ मिनिटं बर्फावर असतो, पहिल्या जोडीतला बचावपटू २५ च्या आसपास. सेंटर फेसऑफ घेतो (खेळ सुरू होताना पकसाठी समोरच्याशी झुंजतो), बचावाला मागे येतो, आपला खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना किल्ला लढवतो. म्हणून वय जास्त असूनही काही सौदे फळतात. रे बोर्क ३९ वर्षांचा असताना मार्च २००० मध्ये कोलोरॅडोत गेला. त्या वर्षी कप हुकला, २००१ मध्ये मिळाला. बदल्यात गेलेल्यांपैकी सामुएल पालसन पुढे चांगला खेळला, पण कोलोरॅडोत त्यासाठी कुणी रडलं नसेल. २००६ मध्ये ॲनाहाइमने जॉफ्री लुपुल, लादिस्लाव श्मिड आणि ड्राफ्टमधल्या निवडी देऊन ख्रिस प्रॉंगर घेतला आणि पुढच्याच वर्षी कप जिंकला. प्रॉंगर आणि बोर्क, दोघेही बचावपटू.

आयपीएलची सवय असलेल्यांना एक गोष्ट वेगळी वाटेल. तिथे मोठा लिलाव आला की संघ जवळजवळ नव्याने उभा राहतो, त्यामुळे पोराचं भविष्य हा मुद्दा मर्यादितच राहतो. एनएचएलमध्ये १८ व्या वर्षी करार केलेला खेळाडू सात वर्षं संघाच्या हक्कात राहू शकतो. त्यात २००५ पासून संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा आहे, आणि नवख्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या कराराला वरची सीमा आहे. चांगला खेळणारा स्वस्त पोरगा म्हणजे ओव्हेचकिनसारख्यांचे मोठे पगार परवडण्याची सोय. १९९५ मध्ये गेनींना हे गणित मांडावंच लागलं नाही. म्हणून आज तोच सौदा समोर आला, तर मी न्यूएन्डाइकसाठीही थोडी घासाघीस करेन: विकणाऱ्या संघाने त्याच्या पगाराचा काही भाग स्वतःकडे ठेवावा. नियमाने निम्म्यापर्यंत तो ठेवता येतो.

सगळ्यात अवघड उदाहरण २०१८ चं. सेंट लुइसने रायन ओ’रायली हा २७ वर्षांचा सेंटर घेतला आणि बफेलोला बऱ्याच गोष्टींबरोबर २० वर्षांचा टेज टॉमसन दिला. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला सेंट लुइस संपूर्ण लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर होतं. जूनमध्ये त्यांनी कप जिंकला, कॉन स्माइथ ओ’रायलीला. टॉमसनने २०२२-२३ मध्ये ४७ गोल केले आणि त्या वर्षीही बफेलो प्लेऑफला मुकलं. मी हा सौदा पुन्हा करेन.

एराटसारख्या विंगरसाठी मात्र कुणी पोरगा मागितला, तर मी पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड देऊ करेन. प्लेऑफमधल्या संघाची ती निवड बहुधा विसाव्या क्रमांकाच्या पलीकडे येते, आणि तिथून मिळणारा मुलगा एनएचएलपर्यंत पोचेल की नाही हेच अनिश्चित असतं. ११व्या क्रमांकावर घेतलेला, डोळ्यांसमोर वाढणारा मुलगा त्या भावात जाऊ देऊ नये. समोरच्याला निवड नको असेल, तर दुसरा विंगर शोधावा. डेडलाइनच्या आठवड्यात तसे बरेच मिळतात.