घरपोच भाडेकरार नोंदणी सेवा : छोट्या घरमालकाचा अभिप्राय

पुण्यात एखादी सदनिका भाड्याने देणाऱ्याने घरपोच भाडेकरार नोंदणीची सेवा जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. आमच्याकडे आलेल्या प्रतिनिधीने लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र जेवणाच्या टेबलावर मांडले, मसुदा दोन्ही पक्षांना वाचून दाखवला आणि आधार पडताळणी करून एका बैठकीत काम उरकले.

भाडे थकवून वर घरही न सोडणारा भाडेकरू ज्याच्या वाट्याला आला आहे, त्याला या नोंदणीचे मोल वेगळे सांगायला नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. राहत्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार, नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) ताबा मागता येतो आणि त्यानंतर घर न सोडलेल्या काळासाठी करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. कुलूप बदलणे किंवा पाणी तोडणे यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

उणीव आहे ती तयार मसुद्यात. पंखे, गिझर, वीजमीटरचे वाचन आणि अनामत रकमेतून होणारी कपात यांचा त्यात उल्लेखच नव्हता. आम्ही आग्रह धरल्यावर तो घातला गेला. पोलिसांना भाडेकरूची माहिती वेगळी द्यावी लागते, हेही विचारल्यावरच कळले. सरकारी शुल्क आणि सेवाशुल्क यांचा हिशेब मात्र स्वतंत्र मागून घ्यावा.