कंपनीच्या शरीरात अडकलेली मुले : ‘एलियन: अर्थ’चे पहिले दोन भाग

‘एलियन: अर्थ’ या विज्ञान-भयमालिकेचे पहिले दोन भाग ऑगस्ट २०२५ मध्ये जिओहॉटस्टारवर एकत्रच दाखल झाले. मालिका एकूण आठ भागांची असल्यामुळे एवढ्यावरून तिचा निकाल लावणे घाईचे ठरेल. परंतु या दोन भागांत विचार करायला आणि वाद घालायला इतका ऐवज आहे की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या मित्रमंडळींत ते पाहून झाल्यावरही बराच वेळ कोणी जागचे हलले नाही. नोआ हॉली यांची ही कथा २१२० सालात, म्हणजे रिडली स्कॉट यांच्या १९७९ मधील ‘एलियन’ चित्रपटाच्या कथाकाळापूर्वी अवघी दोन वर्षे घडते. पृथ्वीचा कारभार तोवर पाच कंपन्यांनी आपापसांत वाटून घेतलेला आहे. त्यांपैकी वेलँड-युतानीचे ‘मॅजिनो’ हे यान पासष्ट वर्षांच्या मोहिमेवरून पाच जातींचे परग्रही जीव घेऊन परतत असताना प्रॉडिजी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या शहरावर कोसळते. पुढे रक्तपात व्हायचा तो होतोच. माझ्या अंगावर काटा आला तो मात्र यान कोसळण्यापूर्वीच, प्रॉडिजीच्या बेटावरील स्वच्छ, उजेडाने भरलेल्या प्रयोगशाळेत.

तेथे असाध्य आजाराने मरणपंथाला लागलेल्या मुलांचे मन प्रौढ दिसणाऱ्या कृत्रिम शरीरात उतरवले जाते. कर्करोगाने ग्रासलेली मार्सी ही पहिली मुलगी. नव्या शरीरात ती ‘वेंडी’ हे नाव घेते. तिच्यामागोमाग आणखी पाच मुले येतात, आणि त्या सर्वांची नावे ‘पीटर पॅन’ या बालकथेतून उचललेली आहेत. आपल्याकडील वाचकाला परकायाप्रवेशाची कल्पना नवी नाही. ‘नवनाथ भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात, पण जाण्यापूर्वी स्वतःचा देह शिष्याच्या राखणीत ठेवतात, परतीची वाट मोकळी असते आणि गोरक्षनाथांची सारी धडपड ती वाट राखण्यासाठी चाललेली असते. या मालिकेतील मुलांना परतण्यासाठी देहच उरत नाही, आणि ज्या देहात ती शिरली आहेत तो कंपनीच्या मालकीचा आहे. ज्या मुलाचे शरीरच दुसऱ्याची मालमत्ता आहे, ते मूल नेमके कोणाचे, हा प्रश्न पहिल्या भागात कोणीही मोठ्याने विचारत नाही. प्रत्येक प्रसंगाखाली तो वाहत मात्र असतो.

आमच्या मंडळींतला पहिला तर्क येथूनच निघाला. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मित्राने फार आढेवेढे न घेता सांगून टाकले, “पोरं मेलीत रं. मशिनला त्यांच्या आठवणी चिकटवल्यात, एवढंच.” मला हा तर्क पटतो. मन खरोखर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवले गेले, की त्याची नक्कल झाली आणि मूळ मार्सी त्या खाटेवरच संपली, हे दोन्ही भाग संदिग्ध ठेवतात, आणि ही संदिग्धता जाणूनबुजून राखलेली आहे असे मला वाटते. मोठ्या माणसांची मने या प्रक्रियेला पुरेशी लवचिक नसतात, म्हणून मुलेच निवडली, असे कारण मालिका देते. ते शास्त्रीय म्हणून ठीकच. परंतु मुले करार वाचत नाहीत आणि पगार मागत नाहीत, हेही त्या निवडीमागे नसेल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? वेंडीचा भाऊ जो हर्मिट याच कंपनीच्या सेवेत आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी त्याला मोकळे व्हायचे आहे आणि एक यंत्रणा त्याला थंडपणे नकार देते. हा प्रसंग जेमतेम काही क्षणांचा आहे, पण कंत्राटावर राबलेल्या कोणालाही तो परग्रहावरचा वाटणार नाही.

प्रौढ नटांनी मुले रंगवायची म्हणजे बोबडे बोल आणि उड्या, अशी धास्ती होती. ती फोल ठरली. सिडनी चँडलर यांची वेंडी मान वळवण्याच्या, टक लावून पाहण्याच्या लहानसहान सवयींतून मूल वाटते. जमशेदपूरच्या आदर्श गौरव यांना ‘स्लाइटली’च्या भूमिकेत पाहण्याचे कुतूहल होतेच, आणि स्मी झालेल्या जोनाथन अजाई यांच्याबरोबरची त्यांची जोडी शाळेच्या मागच्या बाकावरून उचलून आणल्यासारखी जमली आहे. टिमोथी ऑलिफंट यांचा कर्श हा कृत्रिम मानव आवाज न चढवता धडकी भरवतो. सदैव अनवाणी वावरणारा कंपनीप्रमुख बॉय कॅव्हलियर मात्र मला थोडा ठरावीक साच्यातला वाटला. अतिश्रीमंत, तरुण आणि विक्षिप्त माणूस आता पडद्यावर फार वेळा दिसून गेला आहे.

आता त्या मूळ राक्षसाविषयी. स्विस चित्रकार एच. आर. गायगर यांनी कल्पिलेला तो लांबट डोक्याचा जीव १९७९ च्या चित्रपटात फार थोडा वेळ दिसतो, आणि त्याच्या दहशतीचे निम्मे श्रेय त्या न दिसण्याला आहे. येथे तो लवकर दिसतो, पुष्कळ दिसतो आणि बऱ्यापैकी उजेडात दिसतो. परिणामी दुसऱ्या भागाच्या मध्यापर्यंत त्याचे भय ओसरून केवळ दचकणे शिल्लक राहते. तरीही एका गोष्टीची दाद दिलीच पाहिजे: बऱ्याच दृश्यांत तो संगणकावर रेखाटलेला नसून पोशाखात शिरलेला हाडामांसाचा माणूस आहे, आणि त्याचे वजन जाणवते. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून चित्रपट काढले ते या गावात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये उभी राहिली तीही येथेच. हातांनी घडवलेल्या वस्तूला पडद्यावर वेगळाच जिवंतपणा येतो, हे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला पटवून द्यावे लागू नये. गणपतीच्या आधीच्या दिवसांत कुंभार गल्लीतून जाताना अर्धवट रंगवलेल्या मूर्तीही आपल्याकडे रोखून पाहत आहेत असे वाटते, त्यातलेच हे.

पाच जीवांपैकी मला खरी भीती वाटली ती एका डोळ्याची. अनेक बुबुळे असलेला एक नेत्रगोल, त्याला ऑक्टोपससारखे पाय, आणि दुसऱ्या प्राण्याच्या डोळ्याच्या खोबणीत शिरून त्याचे शरीर चालवण्याची कला. तो मांजरीत शिरलेला दाखवण्यात जुन्या चित्रपटातील मांजरीची आठवण असावी. मोठा राक्षस मारतो. हा जीव बघतो आणि शिकतो. मुलांच्या मनांना कंपनीने परक्या देहांत घातले, आणि हा जीव तेच स्वतःहून करतो. ही जुळणी योगायोगाची असेल तर मला आश्चर्य वाटेल. पुढील भागांत वेंडी आणि हा डोळा समोरासमोर येतील, असा माझा अंदाज आहे.

दुसरा तर्क अपघाताविषयी. पासष्ट वर्षे अवकाशात फिरलेले यान नेमके प्रतिस्पर्ध्याच्याच शहरावर पडावे, यावर आमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसला नाही. यानावरील शेवटचे क्षण हॉली तुकड्यातुकड्यांत दाखवतात आणि मधले दुवे गाळतात. गाळलेल्या त्या जागेत घातपात दडलेला असणार. फ्रान्सने जर्मन सीमेवर बांधलेल्या मॅजिनो तटबंदीला १९४० मध्ये जर्मन सैन्याने वळसा घातला होता. तेच नाव यानाला देणाऱ्या लेखकाने बंदोबस्त आतून कसा फुटला याचे उत्तर तयार ठेवले असेलच. एक पेच मात्र सुटलेला नाही. दोन वर्षांनंतरच्या चित्रपटात ‘नोस्ट्रोमो’ या मालवाहू यानावरील खलाशांना त्या लांबट डोक्याच्या जिवाची गंधवार्ताही नसते. भर शहरात यान कोसळून माणसे मेली, तर ती बातमी दडपली कशी गेली? वेलँड-युतानीने पहिले नमुने गमावले म्हणून ‘नोस्ट्रोमो’ला वाट वाकडी करायला लावली, असे मानले तर कथेचे अर्धे धागे जुळतात, उरलेले अर्धे हॉलींनी जुळवायचे आहेत.

अब्जावधी खर्चून घडवलेली, एकमेव अशी मुले कोसळलेल्या यानात बचावकार्यासाठी पाठवण्याचा निर्णय मला शेवटपर्यंत पटला नाही. भावाला शोधण्याची वेंडीची ओढ समजते. पण कॅव्हलियरचा होकार कथेच्या सोयीसाठी आहे, असेच वाटत राहते. जेफ रूसो यांचे संगीत संयत आहे, आणि भागाच्या अखेरीस दणकावून वाजणारे हेवी मेटल मला आवडले. घरातील इतरांना नाही.

पीटर पॅनची नावे पाहून कोणी मुलांना शेजारी बसवून ही मालिका लावू नये. रक्त, फाटलेली शरीरे आणि त्या डोळ्याचे प्रसंग अतिशय किळसवाणे आहेत. जेवताना तर मुळीच लावू नये.