आपल्याच वस्तीचे फोटो काढायचेत: मोबाइल, जुना डीएसएलआर की फिल्म?

पुण्यातल्या वस्त्या: जनता वसाहत, कासेवाडी, ताडीवाला रोड, दापोडी. अशा ठिकाणी वाढलेल्या, फोटोंचा नाद लागलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ प्रश्न रास्त आहे, कारण पैसे कष्टाचे असतात आणि वेळही थोडा असतो. पुनर्वसनाची इमारत उभी राहिली की उंबऱ्यावरच्या गप्पा, नळावरची रांग, समोरासमोरच्या पत्र्यांना बांधलेली वाळवणाची दोरी हे सगळं जातं. ते तिथंच राहणाऱ्यानं टिपावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी जागेचं बघू. पर्वतीच्या उतारावरच्या बोळात पाठ भिंतीला टेकली तरी समोरचं दार हातभर अंतरावर असतं. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएम इतका रुंद बघतो (हा आकडा जितका लहान, तितकं जास्त चौकटीत येतं), त्यामुळे दार, पायरी, पिंप आणि पायरीवर बसलेली आजी एकाच चौकटीत मावतात. बहुतेक जण जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, घेताना त्यासोबत ५० एमएम, एफ १.८ लेन्स घेतात (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो), कारण ती स्वस्त आणि नावाजलेली. पण यांतल्या स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. निकॉनवर ती ७५ आणि कॅननवर ८० एमएमसारखी वागते. बोळात मग नुसता चेहरा मिळतो, घर मिळतच नाही. त्यापेक्षा कॅननची २४ एमएम, एफ २.८ ही चपटी लेन्स किंवा निकॉनची ३५ एमएम, एफ १.८ डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) घ्या. आणखी एक, निकॉनच्या डी३२००, डी३३०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. बॉडीतल्या मोटरवरच चालणारी जुनी ‘डी’ लेन्स स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर ऑटोफोकस चालणार नाही.

उजेडाच्या बाबतीत मात्र कॅमेराच सरस. पत्र्याच्या खोलीत एकच ट्यूब, आई भाकरी थापतेय. मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन जोडतो. परात स्वच्छ दिसते, पण थापणारे हात फराटे होऊन जातात. शिवाय कित्येक फोन चेहऱ्यावरच्या सुरकुत्या परस्पर गुळगुळीत करतात, आणि ज्या चेहऱ्यासाठी फोटो काढला तोच हरवतो. ब्युटी फिल्टर बंद करा, जमलं तर रॉमध्ये, म्हणजे फोननं फेरफार न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. एफ १.८ लेन्सला या उजेडात एवढी कसरत करावी लागत नाही.

माणसांचं गणित वेगळं आहे. मोठा कॅमेरा वर केला की वस्तीत विचारतात, ‘सर्व्हे आहे का?’ घर पाडण्याआधी मोजणीला येणाऱ्यांच्या हातातही कॅमेरा असतो, त्यामुळे ही भीती खोटी नाही. तुम्ही तिथलेच असाल तर चार दिवसांत ती जाते. मोबाइलकडे कुणाचं लक्षच जात नाही, पण म्हणूनच त्याची जबाबदारी जास्त. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेतला, दारू प्यालेल्या शेजाऱ्याचा फोटो न विचारता काढायचा नाही. काढलेला लगेच दाखवायचा, ‘नको’ म्हटलं तर समोरच पुसायचा. फिल्मवर हे जमत नाही.

फिल्मचं आकर्षण मला समजतं. ३६ फ्रेम्स म्हटल्यावर माणूस थांबून बघायला शिकतो. पण रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून हजाराच्या पुढे जातं, आणि रोजच्या कामाला तो खर्च परवडत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले, त्यांची ताकद त्या माणसांसोबत घालवलेल्या काळात आहे. तुम्हाला तो काळ रोज दाराबाहेरच मिळतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हातात बरा फोन असेल तर पहिलं वर्ष त्यावरच काढा आणि वाचलेल्या पैशांतून हार्ड डिस्क घ्या. रात्रीचं, घरातलं काम जास्त असेल तरच जुना डीएसएलआर. फिल्म त्यानंतर, हौसेनं.

हार्ड डिस्कचा आग्रह उगाच नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतली घरंच्या घरं गेली, त्यांतले फोटोही गेले. आता एक फोन चोरीला गेला तरी वर्षभराचं काम जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली तारीख-वेळेची नोंदही पुसली जाते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गल्ली, साल आणि माणसाचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. ज्यांचे फोटो काढले त्यांना चार बाय सहाची प्रिंट नेऊन द्या, ती त्यांच्या भिंतीवर लागली की पुढचं दार आपोआप उघडतं.

जुना कॅमेरा घ्यायचंच ठरलं तर शटर किती वेळा पडलंय, म्हणजे त्यावर किती फोटो काढलेत, ते विचारा. डी३२०० आणि डी३३०० चं शटर १,००,००० वेळांसाठी तपासलेलं असतं. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत जाळीसारखी बुरशी दिसते का बघा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते, आणि ती काढण्याचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीएवढा होतो.